एकाच गाडीचा खर्च कसा वाटायचा? शॅप्ली व्हॅल्यू, कोअर आणि क्लासिफायरचा थ्रेशोल्ड

वाटणीदार

एका डेपोतून निघणारी एकच गाडी अ, ब, क अशा तीन ग्राहकांचा माल पोचवते. अंतरं किलोमीटरमध्ये: डेपो ते अ २०, डेपो ते ब ३०, डेपो ते क ३५, अ–ब २०, ब–क १५, अ–क ३५. प्रत्येकाने स्वतंत्र गाडी लावली तर जाऊन-येऊन अ ला ४०, ब ला ६०, क ला ७०. तिघांची मिळून सगळ्यात छोटी फेरी डेपो–अ–ब–क–डेपो, ९० किलोमीटरची.

हे ९० सध्या खोक्यांच्या प्रमाणात वाटले जातात. अ ची २० खोकी, ब ची १२, क ची ८. म्हणजे अ कडे ४५, ब कडे २७, क कडे १८. अ चं म्हणणं, ‘सगळ्यात जवळ मी आणि सगळ्यात जास्त भरतो तोही मीच.’ अशा ठिकाणी शॅप्ली व्हॅल्यू लावतात असं वाचलं. ती हाताने कशी काढायची, आणि काढल्यावर तक्रार खरंच मिटते का?

दुसरं, प्रत्यक्षातल्या फेरीत २५ ग्राहक आहेत, गाडीची क्षमता ठरलेली आहे आणि काहींच्या माल घ्यायच्या वेळा बांधलेल्या आहेत. तिथे हे गणित पेलायचं कसं?

तिसरा प्रश्न जरा वेगळा. कोणती डिलिव्हरी हुकणार (दार बंद, पत्ता चुकीचा) हे आधी ओळखायला क्लासिफायर (जुन्या नोंदींवरून ‘हुकेल की पोचेल’ सांगणारं मॉडेल) बनवला आहे. शंभरात आठ हुकतात. मॉडेलची अचूकता ९२ टक्के दिसते, पण ते एकाही डिलिव्हरीला ‘हुकेल’ म्हणत नाही. फीचर्सचं (मॉडेलला दिलेल्या कॉलमचं) महत्त्व बघायला शॅप लायब्ररी वापरली. तिच्याही मुळाशी हीच शॅप्ली व्हॅल्यू आहे म्हणतात. मग दोन्हीकडच्या आकड्यांवर सारखाच भरवसा ठेवायचा का?

---

शून्यबेरीज

अ ची तक्रार रास्त आहे, आणि त्यासाठी न्याय-अन्यायात शिरायचीही गरज नाही. एकटा गेला तर ४०, तुमच्याबरोबर ४५. तो बाहेर पडणारच. मग ब-क ची फेरी ८० आणि अ ची ४०, म्हणजे ९० च्या जागी १२० किलोमीटर धावावं लागेल. कुठल्याही वाटणीची पहिली परीक्षा हीच: एकट्याला किंवा कुठल्याही गटाला वेगळं निघून स्वस्त पडता कामा नये. या परीक्षेत उतरणाऱ्या सगळ्या वाटण्यांचा संच म्हणजे कोअर.

आता शॅप्ली. लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये मांडलेली रीत हाताने करायला सोपी आहे. ग्राहक एकामागून एक फेरीत सामील होतात असं समजा. जो आला त्याच्यामुळे अंतर जेवढं वाढलं तेवढं त्याच्या नावावर. सगळे क्रम लिहायचे आणि प्रत्येकाची सरासरी काढायची. त्याआधी जोड्यांच्या फेऱ्या मोजून ठेवा: अब ७०, अक ९०, बक ८०.

अ-ब-क: अ ४०, ब ३०, क २०
अ-क-ब: अ ४०, क ५०, ब ०
ब-अ-क: ब ६०, अ १०, क २०
ब-क-अ: ब ६०, क २०, अ १०
क-अ-ब: क ७०, अ २०, ब ०
क-ब-अ: क ७०, ब १०, अ १०

ब ला दोनदा शून्य आलंय ते चुकून नाही. अ–क ३५ आणि अ–ब–क पण ३५, म्हणजे ब अगदी वाटेवरच पडतो. अ आणि क आधीच फेरीत असतील तर ब साठी गाडी एक मीटरही जास्त जात नाही.

बेरजा अ १३०, ब १६०, क २५०. सहाने भागून २१.६७, २६.६७, ४१.६७. यांची बेरीज ९०.०१ येते, तेव्हा बिलात तो शतांश सगळ्यात मोठ्या वाट्यातून कापा. दर महिन्याला हिशेब जुळत नाही म्हणून फोन येतात ते बहुतेक याच कारणाने.

कोअर तपासा: अब मिळून ४८.३४ (मर्यादा ७०), अक ६३.३४ (९०), बक ६८.३४ (८०), एकेकटेही मर्यादेच्या आत. म्हणजे इथे कोणालाच बाहेर पडण्यात फायदा नाही. पण याचं श्रेय या नकाशाला आहे, शॅप्लीला नाही. गट मोठा होत जाईल तसा नव्याचा वाढीव खर्च घटत जातो किंवा निदान वाढत नाही, अशी रचना असेल तर शॅप्ली कोअरमध्ये असण्याची हमी मिळते. गाड्यांच्या फेऱ्यांत ही हमी नसते.

क्षमता आली की हे लगेच दिसतं. तीन ग्राहक, प्रत्येकाचा माल अर्धी गाडी. एकट्याची फेरी ५०, कुठल्याही दोघांची ६०. तिघांना दोन गाड्या लागतात, ६० + ५० = ११०. कुठलीही जोडी फुटू नये असं हवं तर प्रत्येक जोडीचा वाटा ६० च्या आत हवा. तीन जोड्यांची बेरीज केली की प्रत्येक ग्राहक दोनदा मोजला जातो, म्हणजे एकूण वाटा जास्तीत जास्त ९०. गोळा करायचे आहेत ११०. कोअर रिकामा! शॅप्ली इथे प्रत्येकी ३६.६७ देते, जोडीला ७३.३३ पडतात, आणि ती जोडी ६० मध्ये स्वतःची गाडी करते.

अशा वेळी वाटणीचं सूत्र बदलत बसू नका, कुठल्याच सूत्राने हे जमणार नाही. एकतर डेपोने २० ची तूट सोसायची, नाहीतर करारात बाहेर पडण्याची किंमत घालायची. ती प्रत्येक जोडीमागे किमान १३.३३ हवी, त्याहून कमी ठेवली तर अट कागदावरच राहील. गटांचा असंतोष जमेल तितका कमी करणारी वाटणी हवी असेल तर न्यूक्लिओलस बघा (श्मायडलर, १९६९). तिला एकामागून एक लिनिअर प्रोग्रॅम सोडवावे लागतात. आणि ग्राहकाला ती समजावून सांगणं शॅप्लीपेक्षा कितीतरी अवघड जातं.

---

घातांक

२५ ग्राहकांचं बोलतो. उपगट ३,३५,५४,४३१. प्रत्येकासाठी फेरी सोडवत बसायचं नाही. यादृच्छिक क्रम काढा, समजा १,०००, आणि प्रत्येकाचा उलटा क्रमही घ्या. एका क्रमात लवकर आलेला ग्राहक उलट्या क्रमात उशिरा येतो, त्यामुळे सरासरी लवकर स्थिरावते. क्रम २,०००, प्रत्येकात २५ पायऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त ५०,००० फेऱ्या. प्रत्येक उपगटाला २५ बिटांचा पूर्णांक देऊन उत्तर साठवून ठेवा, छोटे आणि जवळजवळ पूर्ण गट पुन्हा पुन्हा येतात. चूक किती राहिली ते बघायला वाढीव खर्चाचं प्रमाण विचलन भागिले क्रमांच्या संख्येचं वर्गमूळ. विचलन २५ किमी आणि सुटे क्रम १,००० असतील तर चूक ०.७९ किमी. ती अर्धी करायला चौपट क्रम लागतात. उलटे क्रम जोडून घेतले असतील तर आधी प्रत्येक जोडीची सरासरी काढा आणि विचलन त्या सरासऱ्यांचं घ्या. २,००० सुटे क्रम धरून भागाकार केला तर चूक चुकीची दिसेल.

मुख्य खड्डा पुढे आहे. ५०,००० फेऱ्या कोणी अचूक सोडवत नाही, सेव्हिंग्ज पद्धत (क्लार्क आणि राइट, १९६४) किंवा लोकल सर्च अशा झटपट पण अंदाजी रीती वापरतात. मग कधीकधी सात जणांची फेरी १४२ येते आणि त्यांच्यात आठवा घातल्यावर १३९. आठव्याचा वाढीव खर्च उणे ३. ग्राहकाने खर्च कमी केला असा अर्थ काढू नका, सातांची फेरी वाईट सुटली एवढंच. उपाय: मोठ्या गटाची चांगली फेरी मिळाली की तिच्यातून जास्तीचा ग्राहक गाळून लहान गटासाठी लावून बघा, आणि कमी असेल ती ठेवा. अंतरं त्रिकोणाचा नियम (थेट अंतर तिसऱ्या ठिकाणाहून वळसा घालण्यापेक्षा जास्त नसतं) पाळत असतील तर ग्राहक गाळल्याने फेरी कधीच वाढत नाही. रस्त्यांचं अंतर नकाशा-सेवेतून घेतलं आणि किलोमीटर ‘सगळ्यात वेगवान’ मार्गाचे आले तर हा नियम मोडतो. तेव्हा आधी फ्लॉइड-वॉर्शल (प्रत्येक जोडीतलं सगळ्यात छोटं अंतर काढणारी रीत) चालवून कोष्टक दुरुस्त करा.

वेळेच्या बंधनांबद्दल एकच गोष्ट, पण महागात पडणारी. ‘ज ला पोचण्याची वेळ ≥ इ ची वेळ + उतरवणं + प्रवास − म × (१ − क्ष)’ ही अट सगळेच लिहितात (गाडी इ वरून थेट ज कडे गेली तर क्ष १, नाहीतर ०; क्ष ० असताना अट निकामी करायला म हा मोठा आकडा), आणि म च्या जागी १०,००,००० टाकून मोकळे होतात. सॉल्व्हर (हे मॉडेल सोडवणारं सॉफ्टवेअर) क्ष ला ०.९९९९९९ ठेवूनही ‘एक आहे’ म्हणतो, कारण तो थोडी चूक (सहनमर्यादा) चालवून घेतो. ०.०००००१ गुणिले दहा लाख म्हणजे एक मिनिट फुकट, आणि सहनमर्यादा ०.००००१ असेल तर दहा मिनिटं. उत्तर वैध दिसतं, गाडी उशिरा पोचते. म प्रत्येक जोडीसाठी वेगळा काढा: इ ची खिडकी बंद होण्याची वेळ + उतरवणं + प्रवास − ज ची खिडकी उघडण्याची वेळ, उणे आलं तर शून्य. इ ११:०० ला बंद (६६० मिनिटं), उतरवायला १५, प्रवास २०, ज १०:०० ला उघडतो (६००). म = ९५. दहा लाखांची जागा ९५ ने भरते.

आणि इ च्या सुरुवातीच्या वेळेत निघूनही ज ची खिडकी गाठता येत नसेल तर ती जोडी मॉडेलमध्ये घालूच नका.

---

उंबरठा

क्लासिफायरबद्दल. शंभरात आठ हुकतात, तेव्हा डोळे मिटून ‘सगळ्या पोचतील’ म्हणणाऱ्याचीही अचूकता ९२ टक्केच. तुमचं मॉडेल बिघडलेलं असेलच असं नाही, थ्रेशोल्ड (ज्या शक्यतेच्या वर मॉडेल ‘हुकेल’ म्हणतं ती रेघ) ०.५ वर सोडलेला आहे. तो खर्चावरून काढायचा असतो.

तुम्ही त्या भाकिताचं करणार काय, ते आधी ठरवा. समजा आदल्या दिवशी फोन करणार. फोनला ४ मिनिटं, हुकलेली डिलिव्हरी पुन्हा नेण्यात ६० मिनिटं, आणि फोन केल्यावर हुकणाऱ्यांतल्या निम्म्या वाचतात. फोन कधी परवडतो? शक्यता × ०.५ × ६० हे ४ पेक्षा मोठं असेल तेव्हा, म्हणजे शक्यता ०.१३३ च्या वर गेली की. ०.३ शक्यतेच्या ऑर्डरला फोन केला तर सरासरी ९ मिनिटं वाचतात, ४ लागतात. ०.५ च्या थ्रेशोल्डला ही ऑर्डर दिसतच नाही.

हे चालायला मॉडेलची ०.३ खरोखर ०.३ असावी लागते. भाकितं दहा कप्प्यांत टाका, प्रत्येकात सरासरी भाकीत आणि प्रत्यक्षात हुकलेल्यांचं प्रमाण शेजारी ठेवा. असमतोल घालवायला ‘पोचलेल्या’ ओळी कमी केल्या असतील तर आकडे फुगलेले असणारच. दहातली एकच ठेवली असेल तर शक्यता : अशक्यता हे गुणोत्तर ०.१ ने गुणा. मॉडेलचं ०.५ म्हणजे १ : १, दुरुस्त करून ०.१ : १, म्हणजे ०.०९१. फोन करायचाच नाही अशी ऑर्डर! दुरुस्ती न करता ०.१३३ लावला तर निम्म्या गावाला फोन करत बसाल.

ट्रेनिंग आणि चाचणीची विभागणी तारखेवरून करा. सरमिसळ करून केली तर एकाच पत्त्याच्या कालच्या आणि आजच्या ओळी दोन्हीकडे जातात आणि चाचणीचे गुण खोटे चढतात. ‘प्रयत्नांची संख्या’ असा कॉलम असेल तर तो काढून टाका, तो डिलिव्हरी हुकल्यावरच भरला जातो.

सगळ्यात छुपी गडबड दोन-तीन महिन्यांनी येते. ज्यांना फोन केला त्यांची डिलिव्हरी पोचली, डेटात ‘पोचली’ अशी नोंद झाली, आणि पुढच्या ट्रेनिंगमध्ये मॉडेल शिकतं की हे पत्ते सुरक्षित. फोन बंद, पुन्हा हुकायला सुरुवात. थ्रेशोल्डच्या वरच्यांपैकी ५ टक्के ऑर्डर यादृच्छिक निवडून त्यांना मुद्दाम फोन करू नका, आणि ‘फोन केला होता का’ हा कॉलम जपून ठेवा. फोनने खरंच निम्म्या वाचतात का, हेही त्या ५ टक्क्यांवरूनच कळेल. वर धरलेला ०.५ हा अंदाज आहे.

---

सरळरेघ

शॅप्लीला विरोध नाही, पण तिच्याआधी साधी वाटणी करून बघा. एकट्याच्या खर्चाच्या प्रमाणात, ४० : ६० : ७०, म्हणजे अ २१.१८, ब ३१.७६, क ३७.०६. हीसुद्धा कोअरमध्ये बसते, आणि एका वाक्यात सांगता येते. हिच्यात ब ला ‘वाटेवर आहे’ याचा फायदा मिळत नाही. त्याने ते बोलून दाखवलं तर शॅप्लीकडे वळा, तोवर साधंच बरं.

क्लासिफायर असो की वाटणी, लोक नियम ओळखून वागतात याचा विचार वर कोणी केला नाही. तुमच्या फॉर्मवर ‘तातडीचं’ असा चौकोन असेल आणि त्यावर खूण करायला काही पडत नसेल, तर थोड्याच दिवसांत सगळेच खूण करतात. मग त्या चौकोनात माहिती शून्य, आणि मॉडेल मात्र त्यालाच महत्त्वाचं फीचर समजून बसलेलं, कारण जुन्या डेटात ते होतं. याला स्ट्रॅटेजिक क्लासिफिकेशन म्हणतात. प्रत्येक फीचरपुढे एक प्रश्न लिहा: ‘ग्राहकाला हे बदलायला किती पडतं?’ पत्ता बदलणं महाग, ऑर्डरचे दोन तुकडे करणं फुकट. फुकट बदलता येणाऱ्या फीचरवर निर्णय टांगू नका.

‘तातडीचं’ ठेवायचंच असेल तर कोटा द्या, समजा मालाच्या १० टक्के. पण कोटा ऑर्डरच्या संख्येवर नको, वजनावर हवा. संख्येवर दिला की एकाच्या दहा ऑर्डर पडतात, नऊ किरकोळ आणि दहावीत सगळा माल, तातडीचा शिक्का मारून.

वेळेच्या खिडक्यांचंही तेच. अरुंद खिडकी फुकट असेल तर सगळे ९ ते १० मागतील. त्या ग्राहकाची खिडकी दिवसभर उघडी धरून एकदा फेरी सोडवा, मग मागितलेल्या खिडकीने. फरक त्याच्या बिलात वेगळ्या ओळीवर दाखवा. आकडा समोर दिसला की खिडक्या आपोआप रुंदावतात.

---

वाटणीदार

हुकणाऱ्या डिलिव्हरींसाठीच्या फोनचं गणित आणि म चा मुद्दा दोन्ही लगेच लागू पडले, आभार. शॅपचं राहिलं. अंतर आणि प्रवासाचा वेळ ही दोन्ही फीचर्स आहेत, आणि दोघांचंही महत्त्व तळाशी दिसतं, जे पटत नाही. आणि एक नवीन: ब ने ऐनवेळी ऑर्डर रद्द केली तर वाटणी पुन्हा करायची का?

---

शून्यबेरीज

सूत्र एकच आहे, पण ‘खेळाडू गैरहजर’ याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा. ब फेरीत नाही म्हणजे गाडी तिथे जात नाही, अंतर मोजता येतं, वाद संपला. ‘अंतर हे फीचर नाही’ म्हणजे काय? मॉडेलला तर प्रत्येक कॉलम हवाच. मग लायब्ररी तिथे दुसऱ्या कुठल्यातरी ओळीतलं अंतर भरते आणि बाकीचे कॉलम तसेच ठेवते. त्यातून ४० किलोमीटर आणि ८ मिनिटं अशा, डेटात कधीच नसलेल्या ओळी तयार होतात, आणि मॉडेल त्यांवर काहीही बोलतं. शिवाय दोन्ही फीचर्स तीच गोष्ट सांगत असल्याने श्रेय अर्धं-अर्धं वाटलं जातं आणि दोघेही यादीत खाली घसरतात.

दोघांना मिळून एकच खेळाडू करा: बदलायचे तेव्हा दोन्ही कॉलम एकाच ओळीतून एकदम. आधीचे दोन आकडे नुसते बेरीज करून हे नेमकं मिळत नाही, पुन्हा काढावं लागतं. भरायच्या ओळी कुठून घेतल्या तेही लिहून ठेवा. सगळ्या डेटातून घेतल्या की एक उत्तर येतं, फक्त पोचलेल्यांतून घेतल्या की दुसरं.

बूस्टिंगची झाडं (एकामागून एक छोटे निर्णय-वृक्ष जोडणारं मॉडेल) वापरत असाल तर शॅपचे आकडे बहुधा लॉग-ऑड्समध्ये (शक्यता : अशक्यता या गुणोत्तराच्या लॉगॅरिदममध्ये) आहेत, टक्क्यांत नाहीत. +०.७ चं योगदान ८ टक्क्यांवरून सुरू झालं तर साधारण १५ वर नेतं, ५० वरून सुरू झालं तर ६७ वर. ‘या फीचरने धोका ७० टक्के वाढवला’ असं स्लाइडवर लिहिलेलं दिसलं तर कापा.

---

घातांक

रद्द करण्याबद्दल. पुन्हा वाटणी केली तर काय होतं ते तुमच्याच आकड्यांत बघा. ब गेला, उरले अ आणि क, फेरी ९०. दोघांची शॅप्ली: अ ३०, क ६०. क ने काहीच केलं नाही आणि त्याचा वाटा ४१.६७ वरून ६० वर गेला.

ब वाटेवर होता, त्यामुळे तो नसूनही गाडी ९० च धावली. त्याच्याकडून ठरलेले २६.६७ पूर्ण घेतले की अ आणि क चे वाटे जागच्या जागी राहतात आणि हिशेब ९० ला मिळतो. अंतर खरंच वाचलं तर तेवढं त्याला परत द्या. ब च्या जागी क ने रद्द केलं असतं तर २० वाचले असते. म्हणून वाटे नेहमीच्या ठरलेल्या फेरीवर काढून महिनाभर गोठवा, आणि रद्द करण्याची मुदत फेरी पक्की करण्याच्या वेळेआधीची ठेवा. गाडी भरून झाल्यावरची ठेवलीत तर परताव्याचा हिशेब काढायला माल पुन्हा उतरवण्याची मिनिटंही मोजावी लागतील.